आग्रहाचं निमंत्रण

शनिवारची शाळा सुटली की रेश्मानं पोरीला घेऊन कडेगावची एसटी धरायची, रविवारभर सासरी भाकरी बडवायच्या आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं सांगलीला परतायचं, असा नेम सासऱ्यांनी घालून दिला होता. दोन वर्षं तिनं तो पाळला. तिसऱ्या वर्षी मोडला. मोडला तोही चोरून नव्हे, फोन करून.

"मामा, या शनवारी आमी येत न्हाई. शिवांजलीला गुलाबं बघायची हायती."

"गुलाबं?" नाथाजी म्हणाले. फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेला माणूस, घरी उभा ऊस; आजवर त्यांना कुणी असलं कारण सांगितलं नव्हतं. फोन बिघडला असेल म्हणून त्यांनी तो कानावरून काढून उलटासुलटा करून बघितला.

रेश्माचा नवरा धैर्यशील अरुणाचलात होता. पोरीच्या शाळेसाठी तिनं विश्रामबागेत एक खोली भाड्यानं घेतली होती. फौजींच्या बायका अशा राहतातच, त्यात नवल नाही. नवल एवढंच की रेश्मा खोलीत बसून राहत नव्हती. खालच्या किराणा दुकानातले भरतेश शेठ पेपर वाचून झाला की 'शहरात आज' हे सदर असलेलं पान तिच्यासाठी बाजूला ठेवायचे. मुंगीएवढ्या अक्षरांत तिथं सगळं असायचं. कुठं गुलाबांचं प्रदर्शन, कुठं हौशी नाटकांची स्पर्धा आणि तिचं भडंगाच्या पुड्याएवढ्या किमतीचं तिकीट, कुठं वाचनालयात मुलांसाठी गोष्टी, कुठं गच्चीवर दुर्बीण लावून ग्रह दाखवणारी मंडळी. पोरीनं शनीची कडी बघितली तेव्हा ती तासभर बोलली नव्हती, आणि शिवांजलीनं तासभर गप्प बसणं हे त्या कड्यांपेक्षा मोठं आश्चर्य होतं.

लोक म्हणतात, फुकट ते पौष्टिक. म्हणू देत. पण फुकट असूनही दारात घुटमळून माघारी जाणारी माणसं किती असतात, ते अशा कार्यक्रमांच्या दारात उभं राहून बघावं. चपला कुठं काढायच्या, कुठल्या खुर्चीत बसायचं, कुणी हटकलं तर काय सांगायचं? रेश्मासुद्धा पहिल्या खेपेला नाट्यगृहाच्या पायरीवरून परत फिरली होती. त्या रात्री तिला स्वतःचा इतका राग आला की पुढच्या शनिवारी ती सर्वांत आधी जाऊन बसली.

मग व्हायचं ते झालं. चुलतदीर इंद्रजित कामासाठी सांगलीत आला होता. त्यानं नाटक सुटल्यावर वहिनीला पोरीसोबत भडंग खाताना बघितलं आणि गावच्या पारावर जाऊन सांगितलं, "नवरा बर्फात उभा आन् बायको नाटकात." भडंगाची भेळ झाली, भेळेची हॉटेलातली पार्टी झाली, आणि राईचा पर्वत नाथाजींच्या अंगणात येऊन बसला. धैर्यशीलनं तिकडून फोनवर उंटावरून शेळ्या हाकल्या, "तुझं बरोबर हाय गं, पण आबांना दुखवू नगंस." दोन्ही कसं जमवायचं ते काही त्यानं सांगितलं नाही.

नाथाजींनी हुकूम काढला. साळूबाईंनी, म्हणजे रेश्माच्या सासूनं, शुक्रवारी सांगलीला जायचं, सून काय करते ते डोळ्यांनी बघायचं. रविवारी ते स्वतः इंद्रजितची पिकअप घेऊन येणार. सासूनं नुसतं सांगायचा अवकाश, खोली बंद, सामान गाडीत, आणि परीक्षा झाली की पोरीचं नाव काढून गावच्या शाळेत.

साळूबाई आल्या त्या पिशवीत शेंगा, गूळ आणि तोंडावर खरं बोलणं घेऊन. पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुज्यावर नजर ठेवाय धाडलंय मला."

"मग ठेवा की," रेश्मा म्हणाली. "उद्या सांजच्याला गाण्याचा कार्यक्रम हाय. चला माज्यासंगं. समदं समोरच बघा."

"कुणाच्या घरचं? बारसं हाय?"

"कुणाच्या घरचं न्हाई, आत्या. सगळ्यांसाठी हाय. फुकट."

साळूबाईंनी कानाला हात लावला. "बोलावल्याबिगर मी आजवर कुणाच्या दारात गेले न्हाई बाई. भुकेनं मेले तरी न्हाई."

झालं. सगळा डाव इथंच मोडतो की काय, असं रेश्माला वाटलं. पण शनिवारी दुपारी पोरीला शाळेतून आणताना ती सासूलाही सोबत घेऊन गेली आणि येताना चौकातल्या फलकासमोर उभी राहिली. शिवांजलीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "प्रवेश विनामूल्य. सर्व रसिकांना आग्रहाचे निमंत्रण."

"आग्रहाचं?" साळूबाई थबकल्या. "पुन्ना वाच."

शिवांजलीनं पुन्हा वाचलं. साळूबाई फलकाकडे बघत राहिल्या. गावात एखाद्याच्या घरून अक्षत आली नाही म्हणून सख्ख्या भावकीच्या लग्नाला न जाणारी ही बाई. आणि इथं कुणीतरी भर चौकात, एवढ्या मोठ्या अक्षरांत, आग्रह करून बोलावत होतं.

"मग जायाला पायजे," त्या म्हणाल्या. "आग्रह केल्यावर न जाणं बरं दिसत न्हाई. पर रिकाम्या हातानं कसं जायाचं? गाणारी बाई हाय का बाप्या?"

"बाई हाय."

"सवाशीन?"

आता फलकावर ते थोडंच लिहिलेलं असतं! रेश्मानं फोटोतल्या गायिकेच्या गळ्यातलं मंगळसूत्र दाखवलं. लगेच भरतेश शेठच्या दुकानातून नारळ आला, साळूबाईंच्या पिशवीतून खणाचा कपडा निघाला, रेश्माच्या डब्यातले ओंजळभर गहू रुमालात बांधले गेले. रेश्माला हसू येत होतं आणि लाजही वाटत होती. आत्या, असं कुणी नेत नाही, हे तिच्या ओठावर आलं होतं. पण तिनं ते गिळलं.

आवरताना साळूबाई जुनी आठवण सांगत बसल्या. त्या लहान असताना पलूसला एका लग्नात पंगत बसली होती. पानात भात पडला, वरण पडलं आणि कुणीतरी येऊन म्हणालं, उठा, नवऱ्याकडचे पाहुणे आलेत, त्यांना बसू द्या. त्यांच्या वडलांनी लेकरांचे हात धरले आणि उपाशी, उन्हातून चालत घर गाठलं. "तवापासनं त्या दारात आमचा पाय न्हाई. बोलावलेल्या माणसाला पानावरनं उठवत न्हाईत. कुत्र्यालासुदिक उठवत न्हाईत, मग माणूस तर माणूस."

सभागृहात तिघी वेळेआधी पोचल्या. खुर्च्या रिकाम्या होत्या. रेश्मा पोरीला आणि सासूला घेऊन दुसऱ्या रांगेत मध्यावर बसली. आता ती दारात घुटमळत नसे. हळूहळू सभागृह भरलं. इतकं भरलं की माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. साळूबाई मांडीवर नारळाची पिशवी धरून ताठ बसल्या होत्या आणि वर फिरणाऱ्या पंख्यांकडं बघत होत्या.

तेवढ्यात छातीला बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता हातात कागद आणि चिकटपट्टी घेऊन आला. कागदावर 'राखीव' असं लिहिलेलं.

"मावशी, ताई, जरा मागं व्हा. पाहुणे यायचेत."

तो वाईट नव्हता बिचारा. त्याला सांगितलं तेवढं तो करत होता. पण जगातली निम्मी उठवाउठवी असल्याच बिचाऱ्यांच्या हातून होत असते.

साळूबाई लगेच उठायला लागल्या. पिशवी सावरली, पदर सावरला, अर्ध्या उठल्यासुद्धा. सारा जन्म त्या अशाच उठत आल्या होत्या. नाथाजींची काठी उंबऱ्यावर वाजली की उठायचं. थोरले दीर खाकरले की उठायचं. एसटीत कुणी पांढऱ्या कपड्यातला चढला की आपली जागा सोडून उठायचं. कुणी न सांगताही त्यांचे गुडघे उठत. 

रेश्मानं सासूचा हात धरून तिला खाली ओढलं. "आत्या, बसा."

"अगं, उठा म्हणत्यात."

"म्हणू द्या. बोलावलेल्या माणसाला पानावरनं उठवत न्हाईत. तुमीच सांगितलंसा की दुपारी."

"ताई, असं काय करताय, फुकटचा कार्यक्रम आहे..." कार्यकर्ता म्हणाला.

आणि इथं त्यानं माती खाल्ली. रेश्मा उभी न राहता, बसल्या जागेवरून, मागच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलली, "फुकट हाय म्हणून आमी बी फुकट न्हाई! चौकात बोर्ड लावलाय, आग्रहाचं निमंत्रण. आग्रह कुणाला केलता? आमाला का त्या चिठ्ठीला? आमी वेळंवर आलोय, बसलोय. पाहुण्यांना सांगा, लवकर निघत जावा म्हणावं."

मागं कुणीतरी खुदकन हसलं. कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलल्या." कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष लगबगीनं आले, काय झालं म्हणून चौकशी केली, इकडंतिकडं बघितलं, आणि सगळं सभागृह आपल्याकडेच बघतंय हे ध्यानात येताच म्हणाले, "बसा, बसा, तुम्ही बसा हो." पाहुण्यांसाठी बाजूला घडीच्या खुर्च्या मांडल्या गेल्या. पाहुणे आले ते मध्यंतरानंतर, आणि त्यातल्या एकाला तर चांगली डुलकी लागली.

 रेश्माला मात्र पहिलं गाणं ऐकूच आलं नाही. साळूबाईंनी तिचा हात आपल्या हातात घेतला आणि गाणं संपेपर्यंत सोडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर साळूबाई कुणाला न विचारता व्यासपीठावर चढल्या. गायिका बावरली, मग समजून पदर पसरून उभी राहिली. गहू, खण, नारळ. कुंकू त्यांनी स्वतःच्या डबीतलं लावलं. "लय ग्वाड गायलीस बाई," त्या म्हणाल्या, "बोलावलंस, बरं वाटलं."  गायिका वाकून पाया पडली.

रविवारी सकाळी खाली पिकअप येऊन थांबली. जिन्यावर नाथाजींची काठी वाजली. खोलीत एक लोखंडी कॉट होती, तिच्यावर साळूबाई चहाचा कप घेऊन बसल्या होत्या. शिवांजली त्यांना चिकटून चित्र काढत होती. रेश्मा ओट्याशी उभी होती. काल रात्री सासू गाढ झोपली होती. गावाकडं काय सांगणार, हे तिनं विचारलं नव्हतं आणि सासूनं सांगितलंही नव्हतं.

नाथाजी दारात उभे राहिले. "आवरा. सामान गाडीत टाका. काय त्ये इंद्रजितकडनं समजलंय मला."

"काय समजलंय, मामा?" रेश्मानं विचारलं. आपला आवाज कसा फुटला, तिलाच कळलं नाही. "मी नाटकाला जाते, हे? व्हय, जाते. गाण्याला जाते, गुलाबं बघाय जाते. पोरीला घिऊन जाते, उघड्या तोंडानं जाते. तुमी फौजेत सारा देश बघितलासा. तुमचा ल्योक बघतोय. मी सांगलीसुदिक बघू नगं? ही खोली मी सोडणार न्हाई. सामान उचलायचं तर तुमीच उचला, मी हात लावणार न्हाई."

इतकं बोलणं त्या घरात सुनेनं कधी केलं नव्हतं.  सुनेशी वाद घालणं नाथाजींना शोभलं नसतं. त्यांनी बायकोकडं बघितलं. तिच्यावर हुकूम चालवायची सवय जुनी होती.

"ऊठ गं. चल."

रेश्माचं लक्ष साळूबाईंच्या गुडघ्यांकडं गेलं. ते हलले. सवयीनं हलले. कप हिंदकळला, थोडा चहा बशीत सांडला. आणि मग ते गुडघे थांबले.

"मी न्हाई उठत," साळूबाई म्हणाल्या.

"काय?"

"बसलेल्या माणसाला उठवू नये. काल एका भल्या माणसाला त्ये कळलं, तुमाला कळाय काय हरकत हाय?" त्यांचा आवाज चढला नव्हता. पण पंचेचाळीस वर्षांच्या संसारात तो इतका सरळ कधी आला नव्हता. "पोर चांगली ऱ्हातीया. मी डोळ्यांनी बघितलंय. पुढल्या शनवारी घाटावर भजनांची चढाओढ हाय, त्येचं बी आग्रहाचं निमंत्रण हाय. ती बघून मग मी येईन. तुमी जावा. नायतर बसा."

खाली इंद्रजितनं दोनदा हॉर्न वाजवला. साळूबाईंनी उरलेला चहा बशीत ओतला आणि फुंकर घालून प्यायल्या. कॉटवर त्या आणि नात, एकुलत्या खुर्चीवर शिवांजलीचं दप्तर. नाथाजी काठी धरून दारातच उभे होते. आपण आलो आणि कुणी उठलं नाही, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं, आणि आता बसायचं कुठं, ते त्यांना कळत नव्हतं.