सुंगटाच्या दातांखालचा सुंभ

मी एक जुना सुंभ, म्हणजे काथ्याचा दोर आहे. आता उरलोय तो दोन हात लांब, एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला दातांच्या खुणा. मित्रांनो, गाठ कुठल्याही दोराला असते. मला अभिमान आहे तो खुणांचा.

माझा जन्म मालवणजवळच्या खाडीतल्या चिखलात झाला. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, तिथे महिनोन्‌महिने कुजत ठेवतात. त्या दिवसांतल्या वासाबद्दल मी बोलणार नाही. बालपणाविषयी चांगलंच बोलावं. मग मला कुटलं, पिंजलं, वळलं, आणि मी लवू तांडेलांच्या मचव्यावर नोकरीला लागलो. तांडेल म्हणजे मचव्याचा कप्तान. घरी त्यांना अप्पा म्हणत. कौलं भरून आम्ही वेंगुर्ल्याला जायचो, येताना मिळेल तो माल आणायचो. शीड वर चढायचं ते माझ्या जोरावर. एका तुफानानंतर अप्पा मला चाचपून म्हणाले होते, "मेलो तुटलो नाय!" माझ्या नोकरीतली स्तुती तेवढीच.

माझ्याआधी माझ्या भाऊबंदांनी तीस वर्षं आणि मग मी पाच हंगाम, असं आम्ही मिळून अप्पांचे तळहात घडवले. असे घट्टे पडले होते की चुलीतला निखारा उचलून विडी पेटवत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मग माल लॉरीने जायला लागला. मचवा विकला. मी पडवीतल्या खुंटीवर लटकलो, अप्पा खालच्या बाकावर बसले. दोघांकडेही कोणी बघत नसे. मचव्यावर अप्पांचा शब्द खाली पडत नसे. घरात त्यांची बायको, हौसाबाई, तो उचलायला वाकत नसत.

त्या वर्षी त्यांची सून रुक्मिणी माहेरी, धामापूरला गेली होती. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्याला एक पत्र. माहेरच्या मांजरीला चार पिल्लं झाली होती. आणखी महिनाभर आईजवळ राहू दिल्यावर एक आणायचं, असा तिचा बेत होता. पण हौसाबाईंचा निरोप गेला, "लावणी तोंडावर इली, बेगीन ये." आणि ते चिमूटभर पिल्लू पदराखाली घालून ती आली. रंगाने तांबूस, झोपलं की वाकडं. नाव पडलं सुंगट, म्हणजे कोळंबी. त्या घरात रुक्मिणीच्या माहेरचं असं तेवढंच होतं.

अप्पांना काम मिळालं. ते गोणपाटाखाली बोटं हलवत, सुंगट झेप घेऊन चावे. अप्पांना काहीच लागत नसे. उलट ते खूश होत.

"चाव रे चाव! वाघ आसा माझो!"

दोन महिन्यांत सुंगटाची खात्री झाली की माणसाचे हातपाय हे चावण्यासाठीच केलेले असतात. एकदा हौसाबाई पेज घेऊन येत होत्या. सुंगटाने दाराआडून घोट्याला कडकडून धरलं. तवली फुटली, पेज पडवीभर झाली. हौसाबाईंनी वाढवण, म्हणजे हिरांची झाडू, उचलून त्याला झोडपलं. चार दिवस हा उपचार चालला. त्याचा परिणाम असा झाला की सुंगट आधी झाडूला चावे आणि मग घोट्याला.

"ह्या मांजर नाय, भूत आसा!" हौसाबाई कडाडल्या. "फुडल्या आठवड्यातल्या कुडाळच्या बाजाराक टोपलीत घालून धाडतलंय. कोणाक व्हया त्याणी न्यावा!"

बाजाराला नऊ दिवस होते. झाकणाची टोपली पडवीत येऊन बसली.

रुक्मिणी आधी रडली, मग विचार करायला लागली. धामापूरला ती तासन्‌तास पिल्लं बघत बसे. एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळे आणि खेळ टाकून निघून जाई. चावणारं एकटंच बसे, खुळ्यासारखं. पुढच्या वेळी ते बेतानं चावे. इथे सुंगट ज्याला चावायचं, तो हसायचा! खोट दातांत नव्हती. पण हे सांगायचं कोणाला? त्या काळी नवी सून सासऱ्यांशी समोरासमोर बोलत नसे.

ती सुंगटाशी बोलली. पडवीत, अप्पांना ऐकू जाईल अशा आवाजात.

"सुंगटा, हात खेळूक नसतत रे. आता चावलस तर मामंजी 'आय गो' म्हणतले, हात काढून घेतले नि तोंड फिरवतले."

अप्पांनी विडी बाजूला ठेवली. तेही सुंगटाकडेच बघून बोलले.

"सुंगटा, हिका सांग, लवू तांडेल तुफानात 'आय गो' म्हणूक नाय. मांजराक भिऊन म्हणतलो?"

"मगे सुंगटा, तू कुडाळाक जावची तयारी कर. टोपली बघून ठेव."

एवढं बोलून तिने मला खुंटीवरून काढलं. मित्रांनो, मला पुन्हा नोकरी लागली. सकाळ-संध्याकाळ ती मला घरापुढच्या खळ्यात फरफटवी, सुंगट धावे, दबा धरी, झडप घाली. शेवटी ती मला त्याच्या तावडीत सोडी आणि लगेच माशाचं डोकं देई. शिकार, जेवण, झोप. पायावर आलाच तर खांबासारखी उभी राही आणि मला पुढे टाकी. माझे सुटलेले धागे ती कापून काढी, पिल्लाच्या पोटात जाऊ नयेत म्हणून. झाडू तिने माळ्यावर लपवली.

आठ दिवसांत सुंगट रुक्मिणीच्या हाताला शिवेनासा झाला. पण अप्पा विहिरीमागे चोरून बोटं हलवत होतेच, आणि त्या शिकवणीची परीक्षा सुंगट हौसाबाईंच्या घोट्यावर देत होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी टोपलीत गोणपाट घातलं गेलं. सुंगट अप्पांच्या मांडीवर चढला आणि सवयीने अंगठ्याला चावला. अप्पांनी टोपलीकडे पाहिलं. दारात रुक्मिणी उभी होती, डोळ्यांना पदर लावून. अप्पांनी डोळे मिटले.

"आय गो," ते पुटपुटले. ते फक्त मी ऐकलं.

मग पुन्हा, शीड उतरवायचा हुकूम द्यावा तशा आवाजात, "आऽऽय गो!"

हौसाबाई हातात डाव घेऊन धावत आल्या. "काय झाला? इंचू चावलो?"

"सुंगट."

"तुमका? दुखला?"

"दुखला," अप्पा मान खाली घालून म्हणाले. हात काढून त्यावर बसले आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

सुंगट स्तब्ध. बोटं गेली, हसणं गेलं, मांडी वळली. त्याने पडवीभर नजर फिरवली आणि निमूटपणे येऊन मला चावायला लागला.

हौसाबाई आधी डोळे फाडून बघत राहिल्या आणि मग हसत हसत उंबऱ्यावरच बसल्या. "तुफानातले तांडेल! अगो रुक्मिणी, ह्या ध्यान बघ!" हसू ओसरल्यावर त्यांनी टोपलीतलं गोणपाट काढलं. "ह्या बाजाराक रवांदे."

त्यानंतर सुंगटाला शिकवणं सोपं झालं. चुकून बोटं पुढे गेली की अप्पा स्वतःच 'आय गो' म्हणत. टोपलीत कांदे गेले.

पहिलं 'आय गो' झालं त्याच संध्याकाळी रुक्मिणी पहिल्यांदाच सासऱ्यांशी सरळ बोलली.

"मामंजी, खूप दुखला काय वो?"

"ता सुंगटाक विचार," अप्पा म्हणाले.

याला आता अकरा वर्षं झाली. सुंगट लठ्ठ बोका झालाय आणि मला उशाला घेऊन झोपतो. माझी तक्रार नाही. फक्त मित्रांनो, पिल्लाला आईजवळ पोटभर राहू द्या. खेळताना आपली बोटं पुढे करू नका, माझ्यासारखं एखादं जुनं टोक द्या. ते चावलं तर झाडू शोधू नका; त्याला हे कोणी शिकवलं, ते आधी शोधा. बहुतेक घरातच सापडेल.

अप्पांचे घट्टे आता मऊ पडलेत. दोर ओढून किती वर्षं झाली! परवा दुपारी झोपेत सुंगटाची नखं त्यांच्या तळहातात रुतली. अप्पा हळूच म्हणाले, "आय गो." या खेपेला त्यांना खरंच लागलं होतं. सुंगटाने डोळेही न उघडता नखं आत घेतली आणि पंजा तिथेच ठेवला.