टिबुकली बघायचा कार्यक्रम

दिंद्रुडच्या आसपास कुणाला सून आणायची असली की पोरगी बघायला आधी मला, छबुबाईला, बोलावणं येतं. शाळा चौथीत सुटली, पण माणूस वाचायला मला चष्मा लागत नाही. पावडरीखालचा रंग, चपलेखालची उंची, सगळं मी कपातला चहा निवायच्या आत सांगते.

माझी सून सुनिता लग्नाचे फोटो काढते. पौषात लग्नं नसतात, तेवढा महिना ही बाई हातभर लांब लेन्स घेऊन माजलगावच्या धरणावर. धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा पेरतो. मी हरभरा राखते, ती पाखरं टिपते. हरभऱ्यानं निदान घुगऱ्यांचे पैसे तरी वाचतात.

यंदा तिला एक टिबुकली दिसली. टिबुकली म्हणजे इथं बुडी मारून भलतीकडंच निघणारं, बदकाहून बारकं पाखरू. आमच्या पाण्यात लई आहेत. पण सुनिता म्हणाली, ही आपली नाही, काळ्या मानेची आहे. हिच्या जातीची पाखरं थंडीत समुद्रावर राहतात, ही वाट चुकली. पुस्तकात दाखवली. काय तो थाट, मान काळीभोर, कानांवर सोन्याचे वेल. पाण्यातली मात्र भुरकट, भांडी घासता घासता उठून आल्यासारखी. मी विचारलं, हिची मान काळी कुठं आहे? तर म्हणे, तो लग्नसराईतला पोशाख, थंडीत उतरवून ठेवते.

मला काही पटलं नाही, आणि तसं मी चार बायकांत बोललेही. ती घरातली गोष्ट. पण बीडचे विजयसिंह सर, जिल्ह्यातल्या पाखरांची यादी करणारे, त्यांनी सुनितानं नोंदीला पाठवलेला धूसर फोटो बघून फोनवर कळवलं की ही साधीच टिबुकली, नवख्या लोकांचं असं होतं. रविवारी यादी बंद होणार, तोवर स्वच्छ फोटो आला नाही तर तिची नोंद खोडणार. त्या दिवशी सुनितानं ताटावरून उठून कॅमेरा कपाटात ठेवला. माझ्या सुनेला खोटं पाडायला मी आहे की घरात, त्याला बीडहून माणूस कशाला पाहिजे? मी तिलाच फोन लावायला लावला आणि रविवारी सरांना शेतावर बोलावलं.

सर आले ते फुगीर, चकाकणारं निळं जाकीट घालून. काठावर उभं राहून कॅमेरा रोखला की पाखरू गडप. मी मोजलं, तीस आकडे होईस्तोवर आत, आणि निघायचं लांब, पाठमोरं. सुनिताची तीच गत. दोघं काठानं पळतायत, पाखरू बुडतंय. दुपार कलली. सर घड्याळ बघून म्हणाले की त्यांनाही वाईट वाटतं, पण नियम तो नियम.

मला राहवलं नाही. म्हणलं, "सर, पोरीच्या तोंडाकडं असं टक लावून बघितलं तर ती मान वर करंल का?"

त्यांना हरभऱ्यात खाली बसवलं आणि जाकिटावर माझं घोंगडं टाकलं. बघायच्या कार्यक्रमाची रीतच आहे. पोरगी समोर असताना आपण ऊसपाण्याच्या गप्पा हाणायच्या. पोहे ठेवून ती वळली, निवांत झाली, की मग बघून घ्यायचं. दोघांना घाटे सोलायला लावलं. सरांना विचारलं, लेकरं किती, थोरला काय करतो. सर बिचारे खरंच सांगायला लागले.

पाखरू चार बुड्यांनंतर आमच्या समोरच, दहा हातांवर निघालं. अंग फुलवून बसलं. कुणीही ढुंकून बघितलं नाही. मग त्यानं मान वळवली, आणि मी सुनिताला कोपर मारलं. कॅमेरा तडतडला.

फोटो मोठा करून तिघं त्यावर वाकलो. सर पिसांचा रंग, गालावरचा डाग असं काही सांगायला लागले.

"लुगडं राहू द्या," मी म्हणलं. "लुगडं उसनं बी मिळतं. नाकडोळे बघा."

डोळा लाल, इंगळासारखा. चोच बारीक, टोकाला वर उचललेली. आमच्या टिबुकलीची चोच सरळ असते आणि डोळा थंडीत पिवळट, हे मी इतकी वर्षं रोज बघत आलेय. फक्त कुणी विचारलं नव्हतं. सरांनी पुस्तकातलं थंडीच्या पोशाखाचं चित्र उघडलं आणि फोटोशेजारी धरलं.

"ताई, चुकलं माझं," ते सुनिताला म्हणाले. "काळ्या मानेचीच आहे." आणि तिथंच बसून नोंद पक्की केली, सुनिताच्या नावानं.

सुनितानं माझ्याकडं बघितलं. "आत्याबाई, मला बघायला आलतात तवा तुमीच म्हणला होता ना, पोरीचं नाक वर उचललेलं हाय, ही नको?"

म्हणले होते. पोरगं अडून बसलं म्हणून ही घरात आली.

"म्हणले होते," मी म्हणलं. "तवा मला समुद्रावरची पाखरं कुठं ठावी होती?"

सर हसत सुटले. त्यांना सोललेला हरभरा बांधून दिला आणि माझं घोंगडं काढून घेतलं.