उम्म सफवानची डिस्क

आमच्या मोसुलमध्ये वीज गेली तर कोणी दचकत नाही. दचकायचं ते ती परत येताना. सरकारी वीज बंद होऊन गल्लीतल्या जनरेटरची सुरू होते, तेव्हा आधी दिवा मिचकावतो आणि पाठोपाठ असा झटका येतो, की जोडलेलं असेल ते जळून जातं. म्हणून दिवा मिचकावला की लहानथोर सगळे हातातलं टाकून वायरी उपटायला धावतात. माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. माझं मशीन बॅटरीवर चालतं, त्याला ही भीती नाही. पण हे गिऱ्हाइकांना सांगायचं मला कधी सुचलं नाही.

उम्म सफवान, म्हणजे सफवानची आई, शनिवारी भरदुपारी आली. तिच्या सफवानला काळ्या झेंडेवाल्यांनी नेलं त्याला नऊ वर्षं झाली. शहर त्यांच्या ताब्यातून सुटल्यावर कोणा शहाण्याने सरकारदरबारी नोंद केली, की तो आपणहून त्यांना जाऊन मिळाला. तेव्हापासून त्या घराला एक कागद मिळत नाही. नातीचं नावसुद्धा कुठे दाखल नाही, मग शाळा कसली! ते खोटं ठरवायला सोमवारी कोर्टाची शेवटची तारीख होती.

"ह्यात आहे," तिने जुना फोन पुढे केला. "सुनेने, रन्याने, गच्चीवरून घेतलं होतं. पोरीने हिंमत केली बघ."

मी व्हिडिओ पाहिला. दोन मिनिटं. सफवान अनवाणी, घरच्या कपड्यांत. दोघे त्याला केसांना धरून गाडीत कोंबताहेत आणि ही बाई गाडीच्या दाराला लोंबकळते आहे.

"इतकी वर्षं कुठे ठेवलंत, खाला?"

"तांदळाच्या डब्यात. अजून पुलावर शिपाई फोन उघडून बघतात. असलं काही दिसलं की आधी आत टाकतात, मग विचारतात. फोनमधून काढ आणि ह्यात घाल, वकिलाने दिलीय." तिने डिस्क ठेवली. "फोनमध्ये मागे काही उरायला नको. आणि तुझ्याकडेही नको हां, पोरा."

"माझ्याकडे? माझ्या लग्नाचे फोटोसुद्धा मी ठेवलेले नाहीत."

ती हसली. किती वर्षांनी हसली असेल कोण जाणे.

मग मी कॉपी न करता फाइल सरळ इकडून तिकडे हलवली. आणि इथेच माझी अक्कल आड आली. बाहेरून जोडलेल्या डिस्कवर कॉम्प्युटर एरवी लगेच लिहून मोकळा होतो. मी ते बदलून ठेवलं होतं, काम झटपट व्हावं म्हणून. आता तो माल स्वतःजवळ धरून ठेवतो, 'झालं' म्हणून सांगतो आणि डिस्कवर मागाहून सवडीने उतरवतो. म्हणून काढण्याआधी त्याला विचारावं लागतं. मी विचारायचो. पण डिस्क काही माझ्या एकट्याच्या हाताशी नव्हती.

पडद्यावरची पट्टी भरली. फोनमधून फाइल गेली. "झालं, खाला," मी म्हणालो, आणि दिवा मिचकावला.

तिने हिसका देऊन डिस्क उपटली आणि छातीशी धरली. "वाचली!" ती म्हणाली. "पाहिलंस? म्हातारी झाले तरी हात चालतात माझे."

पडद्यावर ओळ आली: उरलेलं लिहिता आलं नाही, माहिती गेली.

मी डिस्क तिच्या हातून घेऊन पुन्हा जोडली. काही उपयोग नव्हता. मध्येच गेलेल्या डिस्कसाठी धरलेलं सगळं मशीन टाकून देतं. तीच डिस्क परत आली तरी तिला नवखीच समजतं. फाइलचं नाव होतं, आत शून्य. फोन पिंजून काढला, तिथेही काही मिळालं नाही. चार वाजेपर्यंत मी घामाघूम झालो होतो आणि ती स्टुलावर बसून माझ्याकडे बघत होती.

"खाला, गेलं," मी म्हणालो. "चूक माझी आहे. तुमची नाही."

तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "पण तू पाहिलंस ना? तू घरचा नाहीस, तुझं ऐकतील. सोमवारी उभा राहा. त्याच्या पायात काही नव्हतं, एवढंच सांग."

साक्षीदाराचं नाव कागदावर चढतं. आणि सफवानला कोंबणाऱ्या त्या दोघांतल्या एकाला मी ओळखलं होतं. त्याचे भाऊ माझ्याच गल्लीत राहतात.

"मला तीन पोरं आहेत, खाला."

"हो," ती म्हणाली. "मला एकच होता."

रिकामी डिस्क तिने तरीही सोबत नेली. मी अडवलं नाही.

सोमवारी मी दुकान उघडलं नाही. कोर्टातही गेलो नाही. घरात बसून होतो. सकाळी दिवा मिचकावला तेव्हा बायको सगळ्या वायरी काढत फिरली आणि मला म्हणाली, "बसलात काय नुसते? उठा की!"