केसाएवढा तडा

बॉल साफ करून चकाकवणाऱ्या पॉलिशदादाच्या हाताखालून गेलेला बॉल कधी दगा देत नाही, असं त्या पिना पाडायच्या बोलिंग सेंटरमध्ये सगळेच म्हणत. ऐकून ऐकून त्याच्याही डोक्यात हवा गेली होती, खोटं कशाला बोला!

हे नवे बॉल दिसायला दणकट, पण मोठे नाजूक. बॉल घरंगळतो त्या लाकडी लेनवर घातलेलं तेल पितात आणि दोन-तीन महिन्यांत वळायचंच विसरतात. मग बोटांची भोकं टेपने बंद करून बॉल कोमट पाण्यात ठेवायचा, सुटलेलं तेल पुसायचं, पुन्हा ठेवायचा. पाणी तान्ह्या बाळाच्या अंघोळीइतकंच ऊन, हा दादाचाच नियम. चार-पाच खेपा, चांगले दोन तास जातात.

त्या दिवशी सकाळी धाकटी बहीण धापा टाकत सेंटरमधल्या त्याच्या खोलीत आली. थोड्याच वेळात संघनिवडीचा शेवटचा सामना. गुडघा कुरकुरायला लागलेला, पुढच्या वर्षी तिला कोण विचारतंय!

"दादा, बॉल सरळच जातोय रे. अर्ध्या तासात काहीतरी कर ना."

"अर्ध्या तासात? मी काय जादूगार आहे?" तो म्हणाला खरा, पण बहिणीला नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. त्याने टबात किटलीभर उकळतं पाणी ओतलं. तेल भराभर सुटलं. आणि मग पाण्यातून टक् असा आवाज आला.

तडा केसाएवढाच होता. सांगावं तर तिचा धीर सुटेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. कसलं काय, त्याला आपल्या नावाचीच काळजी! त्याने तड्यात गम भरला, वरून घासलं, चकाकी आणली.

"घे, नवाकोरा."

सातव्या फेरीपर्यंत ती पुढे होती. आठव्या फेरीत बॉल पिनांवर आदळला आणि त्याचा टवकाच उडाला. पंचांनी तो बाद केला. उरलेल्या फेऱ्या तिला सेंटरच्या साध्या बॉलने खेळाव्या लागल्या. तो काही केल्या वळेना. एका जागेने तिची संघातली निवड हुकली.

माणसं दादाकडे वळून बघायला लागली, तशी ती मध्ये पडली.

"त्याला कुणी काही बोलू नका हं. काल दिवसभर बॉल गाडीच्या डिकीत तापत पडला होता, तिथेच तडकला असणार. मी त्याला सांगितलंच नाही." मग रडवेली होऊन त्याला म्हणाली, "रागावलास, दादा?"

सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"डिकीत ठेवतात का गं बॉल?" दादा म्हणाला.

"चुकलं रे माझं," म्हणत ती त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली.