सकाळचे डोळे

आत्याचे डोळे सकाळी जात आणि दुपारी परत येत. असा आजार डोळ्यांच्या डॉक्टरांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी दोनदा चष्मा बदलून दिला, तरी रुग्णालयाच्या औषधभांडारात, तिच्या संगणकाच्या पडद्यावर, सकाळी अक्षरं मुंगीएवढीच. अठ्ठावीस वर्षं औषधांची लेबलं तपासणारी बाई, आता शेजारणीला हाक मारून आकडे वाचून घेई.

"सोमवारपासून तुम्ही कापूस-पट्ट्यांकडे," भांडारप्रमुख बाई नजर चुकवत म्हणाल्या. "औषधांशी खेळ नको."

आत्या घरी आली आणि भाचीसमोर मटकन बसली. "मला कापूस मोजायला बसवतायत गं."

भाची ताठ बसली. भांडारातला लेबल-तपासणीचा प्रोग्राम तिनेच लिहिला होता. "दुपारी मात्र दिसतं? तोच पडदा, तोच चष्मा?"

"तेच तर! जेवायला जाताना पडद्यावरची तुझ्या प्रोग्रामची खिडकी बंद करते. आल्यावर माउसने दोनदा टिचकी मारली, की अक्षरं कशी टपोरी, जाईच्या कळ्या!"

"आणि सकाळी कोण उघडतं?"

"तुझंच भूत. पासवर्ड घालून टेकते न टेकते, तोवर खिडकी आपली आपण हजर."

भाचीने कपाळावर हात मारून घेतला. "भूत नाही आत्या, सर्व्हिस. माझीच!"

आत्याची एक टिचकी वाचावी म्हणून तिने लाडाने ती सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम, बसवली होती. यंत्राबरोबर ती जागी होई आणि खिडकी उघडे, पण स्वतःच्या खात्यातून. आत्याने आपल्या खात्यात अक्षरं दीडपट करून ठेवलीत, हे त्या बापडीला कुठून कळावं? आणि संगणक तपासायला दुरुस्तीवाला येई तो नेमका दुपारी, सगळं ठीक दिसे तेव्हा.

शनिवारी सकाळी सातला दोघी भांडारात. दोन तास खपून भाचीने सर्व्हिसला नवी शिस्त लावली: आत्या येईपर्यंत थांबायचं, आणि खिडकी उघडायची ती आत्याच्याच खात्यातून, तिच्याच मापाने. यंत्र बंद केलं, चालू केलं. आत्याने पासवर्ड घातला. खिडकी आपली आपण उघडली आणि अक्षरं आली ती कशी, भरल्या कणसासारखी, दाणा अन् दाणा वेगळा.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "सकाळ आहे ना गं?"

"सव्वानऊ!"

भांडारप्रमुखांचा विश्वास बसेना. त्यांनी डब्यांचा ट्रेच पुढे सरकवला. "वाचा."

आत्या वाचू लागली. पडदा, लेबल, पडदा, लेबल, जात्यासारखी लय धरून. चौदाव्या डबीवर लय थांबली. प्रमुखांच्या भुवया चढल्या.

"ही पाठवू नका. पडद्यावर अडीच मिलिग्रॅम आहे, लेबलावर पंचवीस. दशांशाचं टिंब छापलंच नाही."

प्रमुखांनी डबी उजेडात धरली, उलटसुलट केली आणि थेट छपाईच्या टेबलाला फोन लावला. "कालपासूनची सगळी लेबलं थांबवा. हो, सगळी! आमच्या बाईंनी पकडलंय." फोन ठेवून त्या जरा घुटमळल्या. "सोमवारचं ते..."

"कापसाचं?"

"कसला कापूस! हलायचं नाही या खुर्चीतून."

भाचीला तर टाळ्या पिटाव्याशा वाटत होत्या. आत्याने मात्र पदर खोचला, हात पुढे केला आणि ठणकावून म्हणाली, "पुढची डबी द्या."