ब्रातलियाचं पत्र

क्वालहामारच्या नगरपालिकेत आलेलं-गेलेलं प्रत्येक पत्र दुसऱ्या दिवशी इंटरनेटवरच्या टपालयादीत चढतं. कोणाचं, कोणाला, विषय काय. कोणीही यादी वाचावी, हव्या त्या पत्रापुढे खूण करावी, बटण दाबावं, की पत्र मेलवर हजर. कशाला हवं हे कोणी विचारायचं नाही, तसा कायदाच आहे. तरीही लपवणारे लपवतातच. आमचा मुख्याधिकारी हाल्वार तर त्यात मुरलेला. अकरा वर्षं मी त्या माणसाशी भांडते आहे. त्याचं ते गुळमुळीत हसू नुसतं आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

मी तोरुन, इथल्या साप्ताहिकाची बातमीदार. रोज सकाळी सात वाजता कॉफी घेऊन यादी उघडते आणि भराभर खुणा करत सुटते. या गावात मला न कळता पानही हलत नाही, असं मी चारचौघांत म्हणायची. हो, म्हणायचीच.

ऑक्टोबरात एका सोमवारी माझ्या मुलीचा, सुनिव्हाचा फोन आला.

"आई, तळघराचं दार पुन्हा अडकतंय. आयनार म्हणतो, लाकूड फुगलंय."

"तुझ्या नवऱ्याला काय कळतंय? भिंत बघितलीस का?"

"फट आहे एक. बोट जाईल एवढी."

सुनिव्हाचं घर ब्रातलियाच्या उतारावर. नवं कोरं. जूनमध्ये राहायला गेले, तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं. उतार आणि त्याखाली चिकणमाती म्हटलं की आमच्याकडे भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. एके काळी समुद्राच्या तळाशी असलेली ती माती शेकडो वर्षं गुमान बसते आणि एखाद्या दिवशी ताकासारखी पातळ होऊन घरंदारं घेऊन जाते.

फोन ठेवला आणि सरकारच्या भूस्खलन खात्याचा नकाशा उघडला. ब्रातलिया गुलाबी रंगवलेला होता. गुलाबी म्हणजे धोका. गेल्या वर्षी हाच उतार पांढरा होता, मी स्वतः पाहिला होता. मग नगरपालिकेच्या यादीत 'ब्रातलिया' शोधलं. एकही पत्र नाही. एवढा नकाशा बदलतो आणि नगरपालिकेला एक चिठ्ठी येत नाही? मला कोणी दूधखुळी समजतं की काय!

पण पत्राला दोन टोकं असतात. घेणाऱ्याने दडवलं तर पाठवणाऱ्याकडे बघायचं, हे मी नव्या बातमीदारांना पहिल्याच दिवशी सांगते. भूस्खलन खात्याची टपालयादी उघडली आणि ओळ सापडली. एकोणीस मार्च, क्वालहामार नगरपालिकेस, 'ब्रातलिया येथील बोअरिंगचे निकाल'. म्हणजे जमिनीत खोल भोकं पाडून केलेली मातीची तपासणी. मागणी टाकली. चाळीस मिनिटांत पत्र आलं. पहिल्या रांगेतल्या घरांखाली सहा मीटरवर ती माती. उताराच्या पायथ्याला आधार देईपर्यंत तिथे कोणालाही राहू देऊ नये, असं स्पष्ट लिहिलेलं. सुनिव्हाचं घर पहिल्या रांगेत. आणि राहायला जाण्याचा दाखला हाल्वारने अठ्ठावीस मेला स्वतः सही करून दिला होता.

तिला कळवण्याआधी मला हाल्वारचं तोंड बघायचं होतं. तशी मी आहे, काय करणार?

साडेअकराला नगरपालिकेचं सगळं ऑफिस उपाहारगृहात असतं. हाल्वार पावावर तपकिरी चीज रचत बसला होता. मी छापलेलं पत्र त्याच्या ताटात आपटलं.

"सात महिने दाबून ठेवलंस हे. लाज नाही वाटली?"

"बस ना, तोरुन. कॉफी?"

"कॉफी गेली खड्ड्यात! तिथे तान्ही पोरं झोपतात."

"दुसऱ्या सल्लागाराचं मत मागवलंय," तो म्हणाला. हसू होतंच. "प्रकरण विचाराधीन आहे. उगाच लोकांना घाबरवून..."

"घाबरवून? माझी नात आहे तिथे, माणसा! तुझ्या विचाराधीन मातीवर!"

आता हसू गेलं. त्याने पत्र उचललं, तारीख वाचली, चीज पुसून खाली ठेवलं. मला फार बरं वाटलं. आणखी दोन शब्द सुनावले, ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून ऑडब्यर्ग उठली. तीस वर्षं टपालनोंदणी सांभाळणारी, माझ्याहून तिरसट बाई.

"दाबलं कोणी म्हणतेस? माझ्या नोंदणीत?"

"यादीत नाहीये ते. शोधलं मी."

"काय शोधलंस?"

"ब्रातलिया."

"जमिनीची पत्रं आम्ही गट क्रमांकाने चढवतो. सगळी. वीस वर्षं इथे येतेस, आणि हे मी सांगायचं तुला?" ती दाराकडे निघाली. "ये. ओरडणं नंतर कर."

तिने तिच्या खोलीत संगणकावर ओळ काढून दाखवली. 'गट ४१/७, बोअरिंगचे निकाल.' एकवीस मार्चपासून उघड्यावर. माझा चेहरा तापला, पण मी हटले नाही.

"असेल. पण असल्या नावाखाली कोण बघणार? हाल्वारला हेच तर हवं होतं."

"हाल्वारचं हाल्वार बघेल. सही त्याने केली, ते छाप, मी अडवणार नाही. पण माझ्या नोंदणीला नाव ठेवू नकोस." तिने दुसरी यादी उघडली. कोणत्या पत्राची मागणी कोणी केली, त्याची. "हे पत्र आजवर एकाच माणसाने मागितलंय. बावीस मार्च, सकाळी सात वाजून नऊ मिनिटं. तेवीसला आम्ही पाठवलं. वाच नाव."

मी वाचलं. माझंच होतं.

"त्या दिवशी एकतीस पत्रं मागितलीस तू," ऑडब्यर्ग म्हणाली. "रोजच मागतेस. मी एकेक काढून पाठवते. मला वाटायचं, ही वाचत असेल."

बाहेर येऊन गाडीत बसले आणि फोनवर मेल उघडला. चार हजारांवर न वाचलेली पत्रं. तेवीस मार्च. होतं तिथेच. खूण केली, मागवलं, विसरले.

सुनिव्हाला फोन लावला.

"बाळाला घे आणि ताबडतोब माझ्याकडे ये. कपडे-बिपडे नंतर. आयनारला कामावरून परस्पर यायला सांग. शेजाऱ्यांच्या दारावर थाप मार, त्यांनाही बाहेर काढ. मी अग्निशमनवाल्यांना कळवतेय."

"आई, काय झालंय?"

सांगितलं. माती, सहा मीटर, मार्चचं पत्र, हाल्वारची सही. पलीकडे बाळ किरकिरत होतं, जाकिटाची चेन ओढल्याचा आवाज आला.

"म्हणजे हाल्वारला मार्चपासून माहीत होतं?"

"हो."

"हरामखोर! छाप त्याचं नाव. मोठ्या अक्षरात छाप." तिला धाप लागली होती. "आणि आम्ही एप्रिलमध्ये घराच्या करारावर सही केली. सहीच्या आदल्या दिवशी मी तुला विचारलं पण होतं, नगरपालिकेत काही आलंय का ब्रातलियाबद्दल म्हणून. तूच म्हणालीस, काही नाही, खुशाल घ्या. तुझ्यापासूनसुद्धा लपवलं त्याने!"

माझा संताप कुठल्या कुठे गेला होता. वाटलं, हो म्हणावं. हाल्वारसाठी कोण रडणार होतं?

"नाही लपवलं," मी म्हणाले. "माझ्याकडे आलं होतं. मी उघडलंच नाही."

पलीकडे दार लागलं. अडकलं नाही, एका झटक्यात लागलं.

"आम्ही आयनारच्या आईकडे जातोय," सुनिव्हा म्हणाली.