फक्कीची घरं

माळावर फक्की पडली त्या दिवशी गावात कुणाचा सरकारवर भरवसा उरला नाही. नदी काठ खात खात घरांच्या पायाशी आली होती, म्हणून गाव वर न्यायचं ठरलेलं. ते पटलं. पण सरकारी आखणीवाल्या बाईंनी सांगावा धाडला, की पांढऱ्या फक्कीनं घरांच्या चौकटी आखल्यात, ज्याला जिथं घर हवं तिथं येऊन उभं राहा. हे काही आमच्या घशाखाली उतरेना. आजवर कुणी विचारलं नाही, आणि आज एकदम एवढी माया कुठून आली?

"विचारतात म्हणजे गोम आहे," लोहार भाता थांबवून म्हणाला. "रस्ता वरून मागितला, तो खालून गेला. मागाल त्याच्या उलट मिळतं. म्हणून उलटंच मागा."

भट्टीपाशी थोरली आणि धाकटी जावा बसल्या होत्या. दोघीही एकट्या. थोरलीला दिवस कलला की दिसत नाही. दोघींच्या घरांना मधली भिंत एकच. पहाटे धाकटी त्या भिंतीवर थाप मारते, पलीकडून थोरली मारते, मग दोघी उठतात.

"मग आम्ही काय करावं?" थोरलीनं विचारलं.

"भांडा. तोंड बघायचं नाही म्हणा. मग बघा तुमची घरं कशी शेजारीशेजारी घालतात."

माळावर दोघी भांडल्या, आणि झकास भांडल्या. धाकटीनं भरात दोन जुनी, खरीखुरी उणीदुणी काढली, तेव्हा थोरलीचा चेहरा उतरला. मग एक या टोकाला उभी राहिली, एक त्या टोकाला. रस्त्याकडेची जागा हवी असलेला लोहार पार मागच्या खळग्यात जाऊन उभा. सगळं गाव असंच नको त्या जागी, तोंडं गंभीर करून. मीही त्यातलाच.

बाई चौकटी-चौकटीतून फिरल्या. "उद्या पाया खणणार. मग बदल नाही. नक्की इथंच?"

"खोदून विचारतेय," लोहार खळग्यातून पुटपुटला. "कुणी हलू नका."

कुणी हललं नाही. उन्हं उतरायला लागली. थोरली डोळे बारीक करून समोर बघत होती, पण तिला आता टोकाची धाकटी दिसत नव्हती. मला तिची दया आली, तरी मी माझी चौकट सोडली नाही.

"धाकटे," ती म्हणाली, "आवाज दे गं."

"अक्का, इकडं," धाकटीनं हाक दिली. "मघाचं मनावर घेऊ नकोस."

"ते घरी गेल्यावर बघते. तू आवाज दे."

धाकटी बोलत राहिली आणि थोरली त्या आवाजामागं निघाली, आमच्या सगळ्यांच्या घरांतून, फक्कीच्या रेघा पायांनी पुसत. धाकटीचा हात लागला तशी थांबली.

"बाई, मला इथं घर हवं. आणि मधली भिंत एकच घाला. गोम असली तर असू दे."

बाईंनी तिथंच नव्यानं फक्की ओढली. ते बघून एकेक जण खाकरत, खाली मान घालून आपापल्या खऱ्या जागेकडं सरकला.

आता माळावर गाव वसलंय. पहाटे भिंतीवर थाप पडते, पलीकडून उत्तर येतं. लोहार मात्र अजून खळग्यातच आहे. विळ्याला धार लावायला तिकडं वाकडी वाट करून जावं लागतं. परवा गेलो तर म्हणाला, "एवढ्यात हुरळू नका. एवढं मागितलं तसं देतात, म्हणजे यात काहीतरी असणारच."